एकदा आत, तीनदा बाहेर

१

नववा प्लॉट नाहीसा झाल्याचं सोमवारी सकाळी सव्वाआठला कळलं, आणि साडेआठच्या आत तो कुणी नाहीसा केला हेही सगळ्या केंद्राने ठरवून टाकलं.

जमिनीचा तुकडा काही पाय फुटून जात नाही. असुबोआच्या कोको रोप केंद्रामागे नववा प्लॉट होता तिथेच होता, हरमटानच्या कोरड्या वाऱ्याची धूळ अंगावर घेऊन उभा. गेली होती त्याची फाइल. नऊ वर्षं दर तीन महिन्यांनी एकेका झाडाचं खोड मोजून केलेल्या नोंदी संगणकातून पुसल्या गेल्या होत्या. दर शनिवारी पहाटे सगळ्या फाइलींची प्रत आपोआप निघते, जुन्या प्रतीच्या जागी नवी बसते. त्यामुळे शुक्रवारी जे पुसलं ते शनिवारी प्रतीतूनही गेलं. आणि गुरुवारी केंद्राचं नवं वाण, 'सात नंबर', तीन लाख रोपांनी गावोगाव वाटलं जाणार होतं.

फाइल पुसली होती शुक्रवारी संध्याकाळी पाच वाजून बारा मिनिटांनी. पुसणाऱ्याचं नाव मशीनने लिहून ठेवलं होतं: कोनादू.

केंद्रात नोंदी ठेवणाऱ्या कोनादूने पहिला फोन आईला केला नाही, मावशीला केला. मावशी म्हणजे फ्रेमा मॅडम. कुमासीच्या एका पॉलिटेक्निकात तीस वर्षं संगणक शिकवून त्या निवृत्त झाल्या आणि घरामागे गोगलगायी पाळायला लागल्या. लोक हसायचे. त्या म्हणायच्या, तीस वर्षं पोरं शिकवली, त्यांच्या मानाने गोगलगायी चपळ आहेत.

फोन वाजला तेव्हा शेजारचे म्हातारे ओपोकू निरोप घ्यायला उठले होते. आमच्याकडे पाहुणा नुसता उठून चालायला लागत नाही. तो वाट मागतो, आणि यजमानाचं उत्तर येईपर्यंत थांबतो. यजमान अर्धीच वाट देतो, उरलेली अर्धी पाहुण्याने परत यावं म्हणून राखून ठेवतो. पूर्ण वाट दिली तर समजायचं, या घराचं दार आपल्याला बंद झालं.

"अर्धी दिली हो," फ्रेमा मॅडमनी ओपोकूंना सांगितलं आणि फोन कानाला लावला.

"मावशी, मी नाही गं पुसली," पलीकडून कोनादू रडत होती. "बारा वाजता समिती बसतेय. काढून टाकणार आहेत मला. कागद तयार आहे."

"तू पुसली नाहीस हे मला सांगायला नको. रडणं थांबव आणि मला वेगळंच सांग. शुक्रवारी मशीनवरून उठलीस कशी?"

"म्हणजे? सगळे उठतात तशी! एक्झिट लिहिलं आणि पळाले. मांपोंगला मयतीला जायचं होतं ना."

"किती वाजता?"

"पाचला वीस-बावीस मिनिटं कमी असतील."

"आणि पुसलं पाच-बाराला. बरं. मी येते. तोवर कुणाशी भांडू नकोस, आणि तुझ्या मशीनला कुणाला हात लावू देऊ नकोस."

आमच्यात बहिणीची मुलगी म्हणजे पोटचीच. फ्रेमा मॅडमनी मयतीचं काळं-लाल कापड न नेसता साधं निळं नेसलं. मयत अजून झालेलं नाही, असं स्वतःशी म्हणत त्यांनी ट्रो-ट्रो व्हॅन गाठली.

२

केंद्राचा संचालक बोआडू त्यांना फाटकापर्यंत घ्यायला आला. पन्नाशीचा, इस्त्रीचा सदरा, आवाज कायम खालच्या पट्टीत.

"मॅडम! तुम्ही? आणि या कारणासाठी?" त्याने खुर्ची पुढे केली, पाण्याचा ग्लास दोन्ही हातांनी दिला. "आधी पाणी घ्या, मग मला रागवा. तुमच्या वर्गात पट्टी खाल्लेला माणूस आहे मी."

"आठवतंय. पट्टी मोडली होती."

बोआडू हसला, मग गंभीर झाला. "पोरगी वाईट नाही, मॅडम. पण धांदरट आहे. शुक्रवारीसुद्धा काम मध्येच थांबवून ठेवलं आणि पळाली. गेल्याच आठवड्यात मी तिला म्हटलं होतं, मार्चमध्ये तुला कायम करता येईल असं वाटत नाही. राग आला असेल. रागात माणूस काय करेल याचा नेम नाही. मला स्वतःला वाईट वाटतंय, पण नोंद खोटं बोलत नाही."

"मग नोंद दाखव. माणसांचं नंतर बघू."

बोआडूने स्वतःच्या मशीनवर काळा पडदा उघडला. त्याची बोटं चटचट चालली. आजकालचे संचालक माउसशिवाय पाणीही पीत नाहीत. हा मात्र अजून कमांड लिहीत होता.

नोंदी दोन होत्या. एक दाराची: कोण कधी आत आलं, कधी बाहेर गेलं. दुसरी आज्ञांची: आत असताना काय काय लिहिलं. फ्रेमा मॅडमनी चष्मा नाकावर सरकवून दोन्ही वाचल्या, आणि मग परत वाचल्या.

दाराच्या नोंदीत शुक्रवारची कोनादूची एकच ओळ होती. आत, सकाळी आठ-पाच. बाहेर, संध्याकाळी पाच-तेरा.

आज्ञांच्या नोंदीत दुपारी नवव्या प्लॉटची फाइल लिहायला उघडलेली दिसत होती. त्यानंतर फाइलींची यादी. मग चार-अडतीसला एक्झिट. त्यानंतर चौतीस मिनिटं काहीच नाही. पाच-बाराला नववा प्लॉट पुसला. पाच-तेराला एक्झिट. त्याच मिनिटाला आणखी एकदा एक्झिट.

"दिसलं ना?" बोआडू हळूच म्हणाला. "गेली, मनात काहीतरी आलं, परत आली, पुसलं, गेली."

"परत आली तर आत येण्याची नोंद कुठे आहे?"

"अं?"

"एक्झिट लिहून बाहेर पडलेल्या बाईला परत आत यायला नाव आणि पासवर्ड द्यावा लागतो. दार ते लिहून ठेवतं. इथे आत येणं एकदाच आहे, सकाळी. आणि एक्झिट तीन." त्यांनी तीन बोटं वर केली. "एकदा आत आलेली बाई तीनदा बाहेर कशी जाईल, बोआडू?"

बोआडूने खांदे उडवले. "मशीनचंही वय झालंय, मॅडम."

"माझंही झालंय. पण मला मोजता येतं."

त्याने पुन्हा हसून मान डोलावली. एक्झिट लिहिलं, हात मांडीवर ठेवले, क्षणभर पडद्याकडे पाहिलं आणि मग उठला. फ्रेमा मॅडमना बरं वाटलं, पट्टी अगदीच वाया गेली नव्हती. त्याने त्यांच्यासाठी दार धरलं आणि मागून हलकेच लोटून घेतलं. बारा वाजायला दीड तास उरला होता.

३

नोंदखोलीच्या भिंतीवर संचालकांच्या सहीची पाटी होती: एक्झिट करा आणि ताबडतोब स्क्रीन बंद करा. वीज वाचवा. विजेचा लपंडाव सुरू झाल्यापासून ती लागली होती.

खोलीत एफुआ लारबी आंबवलेल्या मक्याचे केंकी खात होती. ती केप कोस्टची, जिभेला मिरची लावलेली. कोनादू आणि ती, दोघी तीन वर्षं हंगामी. मार्चमध्ये कायम होणारी जागा एकच.

"विचारा, आंटी," हात पुसत ती म्हणाली. "सगळे माझ्याकडेच बघतायत. कोनादू गेली की एफुआची चैन, नाही का?"

"चैन आहेच की. मी तुझ्या जागी असते तर आनंदाने दोन केंकी जास्त खाल्ले असते."

एफुआ आधी दचकली, मग खो खो हसली. "तुम्ही कोनादूच्या मावशी शोभता. नाही हो, आंटी. मला जागा हवी, पण अशी नको. उद्या माझ्याही नावाने कुणी काही पुसेल."

"शुक्रवारी?"

"तिची गाडी सुटत होती. मीच खिडकीतून बघून ओरडले, कोनादू, ट्रो-ट्रो निघाली! ती अशी पळाली की कापडाचा पदर दारात अडकला. पाचला मी गेले. आज सकाळी पहिली मीच आले. तिचा स्क्रीन चालू होता. मीच बंद केला, नाहीतर साहेब पाटीकडे बोट दाखवतात."

"चालू होता? तिने बंद केला नव्हता?"

"केला होता! मी डोळ्यांनी पाहिलं. एका हाताने एक्झिट, दुसऱ्या हाताने बटण. आम्ही सगळे तसंच करतो."

"करून दाखव."

एफुआने दाखवलं. उजव्या हाताने एक्झिट लिहिलं, डावा हात आधीच स्क्रीनच्या बटणावर होता. पडदा काळा झाला तेव्हा ती उभीसुद्धा राहिली होती.

"मशीनने काय उत्तर दिलं?"

"उत्तर? एक्झिट म्हणजे एक्झिट, आंटी. त्याला उत्तर कसलं?"

फ्रेमा मॅडमनी कपाळाला हात लावला नाही, पण लावावासा वाटला.

यॉ बार्ने मशीनघराचा रखवालदार. सगळ्या संगणकांची मुख्य चावी, म्हणजे मुख्य पासवर्ड, त्याच्याकडे. उंच, घुम्या, आणि आपल्यावर संशय घेतला गेल्याने फुगलेला.

"मॅडम, मला पुसायचं असतं तर मी माझ्या चावीने पुसलं असतं, आणि नोंदही पुसली असती. दुसऱ्याच्या खुर्चीत बसून नाव मागे ठेवायला मी काय नवशिका आहे?"

"नाहीस. तू निघताना एक्झिट लिहितोस का रे?"

"छे. दोन बटणं दाबतो, झालं. चार अक्षरं कोण लिहीत बसणार?"

"आणि त्याची नोंद?"

"शब्दच नाही तर आज्ञांच्या नोंदीत काय येणार?"

"आणखी एक. एखादं काम न संपवता तशाच दुसऱ्या दोन बटणांनी नुसतं थांबवून ठेवलं तर ते आज्ञांच्या नोंदीत उमटतं?"

"नाही, मॅडम. फाइल उघडली एवढं दिसतं. पुढे ती बंद केली की थांबवून ठेवली, ते नोंदीवरून देवालाही कळणार नाही."

"छान," फ्रेमा मॅडम म्हणाल्या, आणि बार्नेला आपलं काय छान झालं ते कळलं नाही.

राहिले डॉक्टर ओसेइ-त्वुम. सात नंबर त्यांनी तयार केलेलं. ते नवव्या प्लॉटच्या सावलीत पेटीवर बसले होते, गुडघ्यावर नवीकोरी वही.

"आज सकाळी फाइल मागितली ती मीच," ते म्हणाले. "आणि आता सगळे मला म्हणतात, डॉक्टर, सुटलात!"

"सुटलात म्हणजे?"

डॉक्टरांनी शेजारच्या झाडाच्या खोडावरून अंगठा फिरवला. बुंध्याला गाठीसारखी सूज होती. "सहा वर्षं हे वाण राजासारखं वाढतं. सातव्या वर्षी खोड सुजतं आणि नवव्याला झाडं मरायला लागतात. बाकी अकरा प्लॉटमधली झाडं अजून सात वर्षांचीही नाहीत, त्यांत हे दिसतच नाही. नववा नसेल तर सात नंबरसारखं वाण नाही. मूल आपलं म्हणून त्याचा रोग लपवायचा का, मॅडम? लोक जुनी झाडं तोडून हे लावतील."

"हे कुणाकुणाला माहीत होतं?"

"कोनादूला, नोंद तीच करते. आणि नोव्हेंबरात मी बोआडूला सांगितलं. तो म्हणाला, पुन्हा मोजा. पुन्हा मोजलं, तेच आलं. जुन्या वह्या पावसाळ्यात वाळवीने खाल्ल्या, म्हणून तर फाइलीवर सगळी भिस्त."

"तुम्ही स्वतः मशीनवर बसता?"

"ते काळं भूत?" डॉक्टर मनापासून घाबरले. "मी माउससुद्धा उलटा धरतो, विचारा पोरींना."

पावणेबारा झाले होते. कोनादू आंब्याखालच्या बाकावर बसली होती, डोळे सुजलेले. शेजारी तिची सामानाची पिशवी होती. तिने ती आधीच भरून ठेवली होती.

"कोनादू, खरं सांग. निघताना नववा प्लॉट बंद केला होतास, की थांबवून ठेवला होतास?"

कोनादूने मान खाली घातली. "थांबवून. एक ओळ अर्धी झाली होती. रोपांची यादी बघायला म्हणून दोन बटणं दाबून थांबवला, आणि तेवढ्यात एफुआ ओरडली. मी विसरलेच. वाटलं, एक्झिट केलं की सगळंच बंद होतं."

"हे कुणाला बोललीस?"

"लाज वाटली गं. कुणालाच नाही." तिने एकदम वर पाहिलं. "पण मावशी, तुला कसं कळलं?"

"मला सकाळी एकाने सांगितलं," फ्रेमा मॅडम म्हणाल्या आणि समितीच्या खोलीकडे चालू लागल्या.

४

टेबलामागे तिघे होते. मधे बोआडू, डावीकडे डॉक्टर, उजवीकडे बार्ने. बोआडूसमोर टाइप केलेला कागद, त्यावर उघडं पेन. कोनादू आणि एफुआ भिंतीशी उभ्या होत्या.

"मॅडम, तुमचा मान म्हणून पाच मिनिटं," बोआडू म्हणाला.

"चार पुरे. आधी तीन एक्झिटचा हिशोब देते. पहिलं कोनादूचं, चार-अडतीसचं. तेव्हा तिचं एक काम थांबवलेलं होतं. अशा वेळी एक्झिट लिहिलं तर मशीन सोडत नाही. ते म्हणतं, थांबवलेलं काम बाकी आहे. आपल्यातल्या यजमानासारखं ते अर्धीच वाट देतं. पण या केंद्रात कुणी उत्तर ऐकत नाही. भिंतीवरच्या पाटीने सगळ्यांचा डावा हात बटणावर बसवलाय. कोनादूने बटण दाबलं आणि पळाली. पडदा काळा, पण दार उघडंच."

बार्नेने स्वतःच्या मांडीवर थाप मारली. "म्हणून आत येणं एकच!"

"म्हणूनच. चौतीस मिनिटांनी कुणीतरी आलं, बटण दाबलं, आणि समोर कोनादूच्या नावाने उघडी फाइलींची खोली. त्याने नववा प्लॉट पुसला. मग तो निघाला. आणि निघताना चुकला."

"काय चुकला?" डॉक्टरांनी विचारलं.

"सभ्यपणा केला. एक्झिट लिहिलं आणि थांबला. मशीन पुन्हा म्हणालं, थांबवलेलं काम बाकी आहे. त्याने ते वाचलं, म्हणून तर दुसऱ्यांदा एक्झिट लिहिलं. आता बघा. बार्ने एक्झिट लिहीतच नाही. एफुआ लिहिते, पण वाचत नाही. तिने पुसलं असतं तर एकच एक्झिट उमटलं असतं, दार सोमवारपर्यंत उघडं राहिलं असतं आणि स्क्रीन बंद सापडला असता. स्क्रीन तर चालू सापडला. डॉक्टरांना पुसता येत नाही, आणि लपवायचं असतं तर त्यांनीच सकाळी फाइल मागितली नसती. म्हणजे उरतो असा माणूस, जो कमांड लिहितो, उत्तर वाचतो, आणि ज्याला स्क्रीन बंद करायची सवय नाही."

"पाटी तर सगळ्यांसाठी आहे," बोआडू म्हणाला.

"पाटी लावणाऱ्याला पाटीची सवय नसते, बोआडू. आज सकाळी तू माझ्यासमोर एक्झिट लिहिलंस, हात मांडीवर ठेवलेस, उत्तराची वाट पाहिलीस, आणि स्क्रीन तसाच जळत ठेवून उठलास. पहिल्या तीन गोष्टी मीच तुला शिकवल्या. जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही म्हणतात. चांगली खोडही जात नाही."

बोआडूचा आवाज मात्र अजून खालच्याच पट्टीत होता.

"मॅडम, हात मांडीवर ठेवले म्हणून चोर? तुमच्या वर्गातून दोन हजार पोरं गेली असतील."

"गेली. पण त्यातल्या एकानेच मला सकाळी सांगितलं की कोनादू काम मध्येच थांबवून ठेवून पळाली. ती हे कुणाला बोलली नव्हती."

"नोंदीवरून दिसतं ते."

"बार्ने, दिसतं का रे?"

बार्नेने आपल्या साहेबाकडे पाहिलं. "नाही, मॅडम. नोंदीत ते उमटत नाही."

"ते एकाच जागी दिसतं. त्या पडद्यावर, एक्झिट लिहिल्यानंतर, जो थांबून वाचेल त्याला."

बोआडूने पेनाचं टोपण लावलं. "अंदाज आहेत सगळे," तो म्हणाला. "आणि अंदाज खरे धरले तरी नववा प्लॉट परत येत नाही. गुरुवार थांबत नाही. तीन लाख रोपं वाफ्यात उभी आहेत, मी वर शब्द दिलाय. सात वर्षांनी कोण विचारायला येतं?"

"झाड येतं," डॉक्टर म्हणाले.

"पण पुरावा?" बोआडूने दोन्ही हात पसरले. "पुरावा गेलाय, डॉक्टर."

"कुठे गेलाय?" फ्रेमा मॅडम म्हणाल्या.

५

सगळे नोंदखोलीत आले. बार्ने कोनादूच्या खुर्चीत बसला. बाकीचे मागे उभे राहिले, बोआडूही.

"लागोपाठ दुसऱ्यांदा एक्झिट लिहिलं की मशीन पूर्ण वाट देतं," फ्रेमा मॅडम सांगत होत्या. "पण जाण्याआधी ते थांबलेल्या कामाला उठवतं, म्हणतं, आवर आता. लिहायचा हा जो प्रोग्राम आहे तो मोठा इमानी. हातात न साठवलेलं लिखाण असेल तर तो सगळा मजकूर एका लपवलेल्या फाइलीत ठेवून मगच मरतो. मूळ फाइल पुसली काय, न पुसली काय, त्याला त्याचं सोयरसुतक नाही. बार्ने, लपवलेल्या फाइलींसकट यादी काढ."

बार्नेने काढली. नेहमीच्या यादीत न दिसणारं एक नाव पुढे आलं. वेळ शुक्रवार, पाच-तेरा.

"काखेत कळसा आणि सकाळपासून गावाला वळसा," तो पुटपुटला. त्याने मजकूर परत मिळवायची आज्ञा लिहिली.

पडदा भरत गेला. नऊ वर्षं, ओळीमागून ओळ. डॉक्टर वाकून झाडांचे आकडे मोठ्याने वाचायला लागले, ओळखीची पोरं हजेरीला सापडावीत तसे. सगळ्यांत शेवटी एक ओळ अर्धवट होती: झाड एकेचाळीस, खोडाची सूज, मध्यम ते.

"'मध्यम ते तीव्र' लिहायचं होतं," कोनादू म्हणाली आणि रडायला लागली. एफुआने तिला जवळ ओढलं. "गप गं वेडे, आता कशाला रडतेस? मार्चमध्ये भांडायचंय आपल्याला!"

"तू नुसता पुसून गेला असतास तर गोष्ट वेगळी होती," फ्रेमा मॅडम बोआडूला म्हणाल्या. "पण तू नीट वाट मागून गेलास. तुझ्या दुसऱ्या एक्झिटनेच हे जपून ठेवायला लावलं. वेळही तुझीच आहे, पाच-तेरा. त्या वेळी कोनादू मांपोंगच्या ट्रो-ट्रोत होती, बारा माणसांच्या मध्ये कोंबलेली."

बोआडूने हातातला टाइप केलेला कागद चार घड्या करून खिशात घातला.

"मी गेलो होतो तिला समजवायला, मॅडम. शपथेवर सांगतो. म्हणायचं होतं, एवढा एक प्लॉट यंदा नको दाखवूस. ती नव्हती. बटण दाबलं, तर सगळं उघडंच होतं."

"उघडं दार दिसलं की आत जायचं, असं मी शिकवलं नव्हतं."

"नाही," तो म्हणाला. "लोटून घ्यायचं शिकवलं होतंत."

डॉक्टर ओसेइ-त्वुम सरळ उभे राहिले. मंत्रालयाला आपण स्वतः फोन करतो, गुरुवारी सात नंबरचं एकही रोप फाटकाबाहेर जाणार नाही, आणि कोनादूच्या नावावरचा डाग आजच्या आज लेखी पुसला जाईल, असं त्यांनी सांगितलं. स्वतःच्या मुलाबद्दल बोलणं सोपं नसतं.

बोआडूने सदरा नीट केला. तो खोलीतल्या सगळ्यांत वडील माणसासमोर येऊन उभा राहिला आणि त्याने मान झुकवली.

"मॅडम, वाट मागतो."

आणि तो थांबला. तीस वर्षांपूर्वीचा, पहिल्या बाकावरचा, उत्तर आल्याशिवाय न उठणारा बोआडू फ्रेमा मॅडमना दिसला. त्यांना फार वाईट वाटलं. तोंडात अर्धी वाट आलीच होती, इतक्या वर्षांची सवय ती. त्यांनी बाकाशी पडलेल्या त्या भरलेल्या पिशवीची आठवण केली.

"पूर्ण वाट, बोआडू."

त्याने मान वर केली नाही. नेहमी दार हलकेच लोटून घेणारा माणूस, दार सताड उघडं टाकून गेला. बाहेरची धूळ आत आली.

कोनादू खुर्चीत बसली. तिने अर्ध्या ओळीपुढे 'तीव्र' लिहिलं, फाइल साठवली, दोनदा तपासली आणि या वेळी नीट बंद केली. मग एक्झिट लिहिलं. डावा हात आपोआप बटणाकडे निघाला. फ्रेमा मॅडम खाकरल्या. कोनादूने हात मागे घेतला, दोन्ही हात मांडीवर ठेवले आणि मशीन काय म्हणतंय ते वाचायला थांबली.

काही बाकी नव्हतं. मग तिने स्क्रीन बंद केला आणि बाकावरची पिशवी आणून रिकामी करायला घेतली.